तेवीस वगळलेली पत्रं

त्रिशला मगदूमचा संगणक सकाळी चालू केल्यावर कामाला लागायला चौदा मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात तिच्या गोळ्या घेऊन व्हायच्या, दिवसाचं पाणी मोजून बाटलीत भरून व्हायचं आणि दारातला पेपर वाचून संपायचा. पडद्यावरचं चक्र मात्र फिरतच असायचं.

सांगलीत विश्रामबागेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ती डीटीपीची कामं करायची. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. तिच्या मराठी शुद्धलेखनावर गिऱ्हाइकांचा डोळे झाकून विश्वास होता. पण तीन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार मिरजेच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या खुर्चीत जाऊ लागले. उरलेल्या चार दिवसांत सात दिवसांचं काम उरकायचं, आणि संगणक हा असा.

नवा घ्यावा तर ती सोय राहिली नव्हती. जगातल्या मेमरीच्या चिपा मोठमोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं गिळून बसली होती, आणि घरगुती संगणक ही श्रीमंतांच्या घरातली वस्तू झाली होती. बाकीचे लोक दहा-दहा, बारा-बारा वर्षांची जुनी यंत्रं दुरुस्त करून रेटत होते. दुरुस्तीच्या दुकानांना तेव्हा दवाखान्यांइतकी गर्दी असायची.

इरफान तांबोळींचं दुकान त्यातलंच एक. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी यंत्र उघडलं, धूळ काढली आणि म्हणाले, "ताई, मेमरी वाढवायला जागा नाही आणि वाढवायला मेमरी पण नाही. एक नवा प्रोग्राम आलाय, 'अगोदर' नावाचा. तो घालून बघू."

"त्यानं जोर येतो?"

"जोर नाही येत. तो काम आधी करून ठेवतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. संगणकाचा प्रोसेसर गेली कित्येक वर्षं एक चलाखी करत आला आहे. पुढे दोन वाटा फुटणार असतील, तर कोणती धरायची याचा हुकूम यायच्या आत तो नेहमीची वाट धरून पुढचं गणित करून टाकतो. अंदाज खरा ठरला तर वेळ वाचतो. चुकला तर केलेलं काम टाकून देतो आणि दुसऱ्या वाटेनं जातो. ओळखीचं गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसताच चहावाला बिनसाखरेचा कप भरायला घेतो, तसंच हे. 'अगोदर'नं हीच चलाखी माणसाला लावली होती. माणूस कोणती कळ किती जोरात दाबतो, कुठे थांबतो, काय लिहून खोडतो, कोणती फाइल उघडून नुसता बघत बसतो, हे सगळं तो टिपायचा. नुसत्या टंकण्याच्या लयीवरून समोर कोण बसलंय हे त्याला कळायचं. आणि यंत्र रिकामं असेल तेव्हा तो त्या माणसाचं पुढचं पान तयार करून ठेवायचा. एक नव्हे, पाच-दहा शक्यतांची पाच-दहा पानं.

"म्हणजे यंत्र आहे तेवढंच हळू आहे," तांबोळी म्हणाले. "फक्त तुमच्या आधी निघतं, म्हणून तुमच्या आधी पोचतं."

पहिल्या आठवड्यातच त्रिशला चकित झाली. पतसंस्थेच्या अहवालाचं पहिलं वाक्य लिहीपर्यंत पुढची आठ पानं तिच्याच पद्धतीनं मांडून हजर व्हायची. लग्नपत्रिकेत मुलीकडचं नाव घातलं की उरलेला मजकूर, तिला आवडणारी चौकट, सगळं तयार. ती फक्त हो म्हणायची. चार दिवसांचं काम दोन दिवसांत होऊ लागलं, आणि कित्येक महिन्यांनी तिला दुपारी आडवं व्हायला वेळ मिळाला.

त्याच सुमारास तिच्या आयुष्यात दुसरी, त्याहून मोठी गोष्ट घडत होती. तिचा धाकटा भाऊ भरतेश तिला आपलं एक मूत्रपिंड देणार होता.

आई गेली तेव्हा भरतेश अकरा वर्षांचा होता आणि त्रिशला वीस. वडील त्याआधीच गेलेले. त्याचं शिक्षण, त्याचा डिप्लोमा, ठिबक सिंचनाच्या कंपनीतली नोकरी, मयुराशी लग्न, सगळं तिनं केलं. तिचं स्वतःचं लग्न या धांदलीत राहून गेलं ते राहूनच गेलं. भरतेश बायको आणि सहा वर्षांच्या अन्वीला घेऊन त्याच घराच्या मागच्या खोल्यांत राहायचा. बहिणीला कुणीतरी मूत्रपिंड द्यायला हवं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा जेवता जेवता तो म्हणाला, "माझं बघा की." एवढंच. जणू वाढून घ्यायला भाकरी पुढे केली.

तपासण्या जुळल्या. समितीपुढे मुलाखत झाली. हॉस्पिटलच्या समन्वयक मॅडमनी अठरा फेब्रुवारी तारीख दिली.

जानेवारीच्या शेवटी संगणक पुन्हा रखडायला लागला. त्रिशलानं तांबोळींना फोन लावला.

"डिस्क भरली असणार," ते म्हणाले. "अगोदर चुकलेले अंदाज लगेच फेकत नाही. पुन्हा तेच काम पडलं तर नव्यानं करायला नको म्हणून ठेवतो, आणि प्रत्येकासोबत त्या घडीचा सगळा पसारा ठेवतो. 'वगळलेले' नावाचा फोल्डर आहे, तो रिकामा करा."

"सगळा?"

"सगळा. आणि ताई, आत बघत बसू नका. त्यात काही अर्थ नसतो. न झालेली कामं असतात ती."

त्यांनी सांगितलं नसतं तर कदाचित तिनं बघितलंही नसतं.

फोल्डरमध्ये हजारो फाइली होत्या. प्रत्येकीवर तारीख, 'वापरकर्ता एक' किंवा 'वापरकर्ता दोन', आणि ते पान खरोखर लिहिलं जाण्याची शक्यता किती टक्के, याचा आकडा. वापरकर्ता एक म्हणजे ती स्वतः. तिनं सहज आपली एक फाइल उघडली. स्मरणिकेचे फोटो सतरा वेळा बदलून मागणाऱ्या एका मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र होतं. 'आपणास नेमके काय हवे आहे हे आपणास कळल्यावर यावे.' तिला हसूच फुटलं. हे तिनं लिहिलं नव्हतं, पण त्या दुपारी तिच्या ओठांवर आलं होतं ते अगदी हेच होतं. शब्दसुद्धा तिचेच.

वापरकर्ता दोन म्हणजे भरतेश. संध्याकाळी सहा ते सात तो तिच्या संगणकावर शेतांचे आराखडे काढायचा. त्याच्या फाइलींत नळ्यांच्या मापांचे कागद होते, कंपनीला पाठवायचे अर्ज होते. आणि एकाच नावाच्या तेवीस फाइली होत्या, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतच्या. पहिलीवर नऊ टक्के. शेवटचीवर एकाहत्तर.

तिनं शेवटची उघडली.

'मा. समन्वयक मॅडम यांस. मी भरतेश मगदूम. माझ्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी दाता म्हणून सही केली आहे. मी खूप विचार केला आणी मला हे जमणार नाही असे वाटते. माझी मुलगी लहान आहे. माझे काम उन्हातान्हात फिरायचे आहे. मला भीती वाटते. कृपया माझे नाव काढावे. अक्काला खरे कारण सांगू नये. तपासणीत काही निघाले असे सांगावे ही नम्र विनंती.'

'आणि'तली वेलांटी दीर्घ होती. भरतेश चौथीत असल्यापासून ती चूक करायचा आणि त्रिशला ती दुरुस्त करायची.

तिनं बाविसावी उघडली, मग एकविसावी. मजकूर थोडा थोडा बदलत गेला होता. सुरुवातीच्या पत्रांत नुसतीच चौकशी होती, एका मूत्रपिंडावर माणूस किती वजन उचलू शकतो वगैरे. मग तारीख पुढे ढकलता येईल का. मग हे. यंत्रानं हवेतून काही काढलेलं नव्हतं. भरतेशनं काय काय शोधून वाचलं, हॉस्पिटलचा फॉर्म किती वेळा उघडला, 'मा. समन्वयक' एवढं लिहून किती वेळ बसला आणि मग ते खोडलं, हे सगळं जोडून ते पुढचं पान करून ठेवत होतं. भरतेशनं ते पान कधी लिहिलं नाही, म्हणून ते वगळलेल्यात गेलं होतं.

तिनं फोल्डर रिकामा केला. पण त्याआधी शेवटच्या पत्राची एक प्रत छापून घेतली.

पाच दिवस ती काही बोलली नाही. डायलिसिसच्या खुर्चीत डाव्या हातात सुया घेऊन पडली असताना ती मनाला समजवायची, की त्यानं पाठवलंय का? नाही ना. मग झालं तर. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, एकाहत्तर. मुख्याध्यापकांचं पत्रही तू पाठवलं नव्हतंस, पण मनात तेच होतं की नाही? भरतेश न्यायला आला की ती त्याच्याकडे निरखून बघायची. तो आधीसारखाच होता. हेल्मेट पुढे करायचा, गाडी सावकाश चालवायचा, खड्डा आला की "अक्का, धर" म्हणायचा. तिला वाटायचं, याला हे सगळं करताना किती जड जात असेल, आणि हा किती सफाईनं लपवतोय. त्याच्या प्रत्येक चांगल्या वागण्यानं तिचा संशय वाढत गेला.

रविवारी सकाळी भरतेश अंगणात बसून नळ्यांना भोकं पाडत होता. त्रिशला समोर जाऊन पायरीवर बसली.

"भरत, तुझी मनातून तयारी नसेल तर सांग. मला राग येणार नाही."

"काय नसेल?" त्यानं वर न बघता विचारलं.

"ऑपरेशनची."

"दोन आठवडे राहिलेत अक्का. आता काय विचारतेस?"

तिनं कागद पुढे केला. त्यानं हात पँटला पुसले आणि वाचायला घेतला. वाचताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या तशाच, असं त्रिशलाला वाटलं. रागानंही होतात, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"हे मी लिहिलेलं नाही."

"माहीत आहे मला. यंत्रानं लिहिलंय. पण बघ, एकाहत्तर टक्के."

"मग टक्क्यांना विचार."

"तेवीस पत्रं होती भरत."

"तेवीस वेळा बसलो असेन. उठलो पण तेवीस वेळा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ते कुठं छापून आलंय का?"

त्रिशलानं हे ऐकलं, पण तिच्या मनात त्या पत्रातली शेवटची ओळ इतकी घर करून बसली होती, की दुसऱ्या कशाला तिथे जागा नव्हती. "मला फसवायला सांगणार होतास तू त्यांना," ती म्हणाली. "तपासणीत काही निघालं म्हणून."

"मी कुणालाही काही सांगितलेलं नाही."

"आता सांगायची गरजही नाही. मीच कळवते हॉस्पिटलला. नकोय मला."

"अक्का, असं करू नको."

हे तो एकदा म्हणाला. त्रिशला वाट बघत बसली. तिला वाटत होतं की तो आता उठेल, कागद फाडेल, तिच्यावर ओरडेल, काहीतरी करेल. मागच्या दारात मयुरा येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. भरतेशनं बायकोकडे बघितलं, मग हातातल्या नळीकडे, आणि मान खाली घातली. त्याचे खांदे थोडे खाली आले. किंचितच. पण अक्षरांमधलं केसाएवढं अंतर ओळखणारे डोळे होते त्रिशलाचे. सुटल्यासारखे ते खांदे तिला दिसले, आणि ती उठून आत गेली.

समन्वयक मॅडमना पत्र लिहायला तिनं संगणक उघडला. 'मा.' एवढं उमटलं आणि खालची पूर्ण ओळ, त्याखालचा पूर्ण परिच्छेद पडद्यावर आला. 'मी स्वेच्छेने ही शस्त्रक्रिया रद्द करू इच्छिते. माझ्या भावाचा यात कोणताही दोष नाही.' ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर. पाच दिवस ती जे मनात घोळवत होती ते यंत्राला आधीच माहीत होतं. हे पत्र तिनं स्वतः शब्द शब्द करून लिहिलं असतं, तर कदाचित तिसऱ्या ओळीपाशी तिचा हात थांबला असता. पण तिला काही लिहावंच लागलं नाही. तिनं फक्त हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी समन्वयक मॅडमचा फोन आला. "त्रिशलाताई, घाईत ठरवू नका. तारीख शुक्रवारपर्यंत राखून ठेवते. घरात बोला."

घरात कुणी बोललं नाही. शुक्रवार आला आणि गेला.

त्या वर्षी अशा गोष्टी बऱ्याच ठिकाणी घडल्या. सांगलीतच एक ठरलेलं लग्न मोडलं. कुटुंब न्यायालयात एका वकिलानं नवऱ्याची वगळलेली पानं पुरावा म्हणून दिली, आणि न्यायाधीशांनी ती नाकारली तरी बायको काही घरी परत गेली नाही. पुढे 'अगोदर' बनवणाऱ्यांनी सुधारणा केली, वगळलेलं त्याच क्षणी पुसलं जाऊ लागलं. तांबोळी स्वतः येऊन ती सुधारणा घालून गेले. त्रिशलानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. प्रोग्राम काढून टाका असंही ती म्हणाली नाही. त्याच्याशिवाय कामं वेळेत होणार नव्हती.

भरतेशनं मात्र त्या रविवारनंतर तिच्या संगणकाला हात लावला नाही. कंपनीच्या कचेरीत बसून आराखडे काढायचा आणि उशिरा घरी यायचा. डायलिसिसला न्यायला-आणायला येत होता. जूनमधल्या एका गुरुवारी मिरजेहून परतताना रेल्वेचं फाटक लागलं. गाडी बंद करून तो पाठमोराच बोलला.

"तू विचारायला नको होतंस अक्का. अठरा तारखेला मी आलो असतो."

"मनातून?"

"मनातून आलो असतो नाहीतर घाबरत आलो असतो. आलो असतो ना? किडनीला काय कळतंय त्यातलं?"

मालगाडी धडधडत गेली. त्रिशलाला त्या वेळी पहिल्यांदा तो अंगणातला भरतेश नीट ऐकू आला. चार महिने तो संगणकापुढच्या खुर्चीत बसत होता आणि उठत होता. भीती दर वेळी वाढत होती, नऊवरून एकाहत्तरपर्यंत, आणि तरी तो दर वेळी उठत होता. यंत्रानं फक्त भीती मोजली होती. तिनं तो आकडा वाचला आणि भावाला हरवलं.

"मग त्या दिवशी परत का नाही म्हणालास?" तिनं विचारलं.

फाटक उघडलं. गाडी सुरू करताना तो म्हणाला, "कारण बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

ऑगस्टमध्ये तो कुणाला न सांगता पुन्हा मिरजेला गेला. स्वतः होऊन समन्वयक मॅडमना भेटला, पुन्हा सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्रिशलाला हे कळलं ते मॅडमच्या फोनवरून. "तुमचे भाऊ येऊन गेले. पण यंदा वैद्यकीय कारणानं ते दाता म्हणून बसत नाहीत. तपशील मला सांगता येत नाही. मृत दात्याच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत तुमचं नाव पुढे सरकलंय, तेवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळी भरतेश पुढच्या खोलीत आला. "साखर निघाली," तो म्हणाला. "थोडीच आहे. पण डॉक्टर नाही म्हणाले."

"काळजी घे," त्रिशला म्हणाली.

"रिपोर्ट दाखवू?"

"नको."

त्यानं कागद खिशातून अर्धा बाहेर काढला होता, तो परत ठेवला. नको म्हणताना तिच्या मनात काय आलं, ते तिचं तिलाच भयंकर वाटलं. असा कागद आपण दहा मिनिटांत बनवू शकतो, शिक्क्यासकट. आणि खरा कागद असला तरी तो गेला होता कशासाठी? द्यायला, की नाही म्हणवून घ्यायला? साखर खरी असो, की त्यानंच नाव काढायला सांगितलेलं असो, हॉस्पिटल 'वैद्यकीय कारण' एवढंच सांगणार होतं. एका माणसाच्या मनात काय आहे हे तिनं एकदा कागदावर वाचलं होतं. त्यानंतर त्याच्या तोंडचा कोणताही शब्द तिला पुरेनासा झाला.

ती त्याच्या ताटाकडे बघायला लागली. तो भात किती घेतो, चहात साखर घालतो का, अन्वीच्या डब्यातलं बिस्किट तोंडात टाकतो का. मयुराच्या हे लक्षात आलं, आणि तिनं जेवणं मागच्या खोलीत नेली.

सप्टेंबरात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं. दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची घरोघरी जाऊन क्षमा मागायचा दिवस. मंदिरातून येऊन भरतेश पुढच्या खोलीत आला, मागे मयुरा आणि अन्वी. दरवर्षी तो आधी अक्काकडे यायचा, तसाच.

त्रिशलानं पेढ्यांची बशी पुढे केली. मयुरानं एक घेतला, अन्वीनं दोन. भरतेशनं एक उचलला आणि तसाच बोटांत धरून ठेवला. मग त्यानं वर बघितलं. त्रिशलाला नजर वळवायला उशीर झाला होता.

"अन्वीला घेऊन पुढं हो," तो बायकोला म्हणाला. त्या दोघी गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "हा खाल्ला तर म्हणशील, साखर नाहीच याला. नाही खाल्ला तर म्हणशील, नाटक करतोय. काय करू, तूच सांग."

तू खाल्लास तरी माझा विश्वास आहे, असं एक वाक्य होतं. ते त्रिशलानं मनात जुळवलं, पण तोंडून निघेना, कारण ते खरं नव्हतं, आणि खोटं बोललेलं त्याला लगेच कळलं असतं.

भरतेशनं पेढा बशीत ठेवला. वाकून तिच्या पायांना हात लावला.

"उत्तम क्षमा, अक्का."

"उत्तम क्षमा," ती म्हणाली.

दिवाळीनंतर त्यानं जयसिंगपूरला घर घेतलं. टेम्पोत सामान चढत असताना तो आत येऊन म्हणाला, की अन्वीसाठी तिकडची शाळा चांगली आहे, आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार तो ठरल्या वेळी गाडी घेऊन येईलच. त्रिशला म्हणाली, की खरंय, शाळा चांगली आहे तिथली. हे कारण तिला पटलं की नाही, ते त्यानं विचारलं नाही. पहिल्या मंगळवारी तो आला. तिनं मात्र अर्धा तास आधीच निघून मिरजेची बस पकडली होती.